पुडीने इतकं बरं वाटतंय, मग आठवड्याची गोळी सोडू का?

पत्र (थोडं कमी करून, नाव काढून):

ताई, मी ४१ वर्षांची आहे, इस्लामपूरजवळ एका गावात राहते, घरीच ब्लाउज शिवते. दीड वर्षापूर्वी दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजायला लागली, सकाळी मूठच मिटायची नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार) सांगितला. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी, फॉलिक ॲसिड आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) चालू केलं. फरक पडला पण गोळी घेतली की दुसरा अख्खा दिवस मळमळतं. मग सासूबाईंच्या माहेरून एक पुडी आली, जडीबुटीची आहे म्हणाले. महिना झाला घेतेय. चौथ्या दिवशीच दुखणं गायब! भूक मस्त लागते, चेहरा भरलाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. तीन आठवडे झाले ती आठवड्याची गोळी मी घेतलेलीच नाही. कायमची सोडली तर चालेल का? दुसरं म्हणजे घरात कोणाला काही कळत नाही. मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आलेत मग आता काय दुखतंय. सासूबाई म्हणतात गुडघे माझेपण दुखतात, मी कधी बसून राहिले का. पहाटे पाचला उठून भाकरी, डबे सगळं मीच करते, कधी कधी बाथरूममध्ये जाऊन रडून घेते. शिवणकाम सोडून देऊ का? लग्नसराईची ऑर्डर घेऊन बसलेय.

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी कुठे वाटली सांगू? तू रडतेस ते वाचून वाईट वाटलंच, पण काळजी वाटली ती "भूक मस्त लागते, चेहरा भरलाय" या वाक्याला. हे तू आनंदाने लिहिलंयस आणि घरचे पण खूश आहेत, पण चौथ्या दिवशी दुखणं गायब, मग भूक वाढणं, मग चेहरा गोल होणं, हे तिन्ही एकत्र आले की जाणकार माणसाच्या डोक्यात पहिला संशय येतो तो स्टेरॉइडचा, म्हणजे सूज आणि दुखणं झटकन दाबणाऱ्या, शरीर स्वतः बनवतं तसल्याच हार्मोनच्या औषधाचा. बिननावाच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून मिसळलेलं असतं, हे डॉक्टर लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. तुझ्या पुडीत आहेच असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, ते तपासूनच कळेल. पण लक्षणं तीच आहेत.

म्हणून पहिलं काम, हे वाचून झालं की कर. कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लाव आणि सरळ सांग की महिनाभर अशी पुडी घेतेय आणि तीन आठवडे गोळी घेतलेली नाही. लाजू नकोस, त्यांना यात नवीन काही नाही, त्यांच्याकडे असे पेशंट रोज येत असतील. आणि हे नीट वाच, पुडी आपल्या मनाने एकदम बंद पण करू नकोस. ऐकायला उलटं वाटेल, पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं आणि मग पुडी अचानक थांबली तर बीपी खाली जाणं, उलट्या, चक्कर, अंगात त्राणच नसणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. कशी आणि किती दिवसांत बंद करायची ते डॉक्टर ठरवतील. मधेच असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, जवळच्या हॉस्पिटलला जायचं आणि तिथे "स्टेरॉइड असलेली पुडी घेत असेन" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. जाताना पुडी सोबत ने. शुगर आणि बीपी तर या आठवड्यात गावातच तपासून घे.

आता तू म्हणशील, पण ताई, बरं तर वाटतंय ना! वाटणारच गं. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी याच आजाराच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं, तेही स्टेरॉइडच. २९ वर्षांची बाई, अंथरुणाला खिळलेली, ती काही दिवसांत उठून चालत खरेदीला गेली. लोकांना वाटलं संधिवात संपला. १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्यासोबत आणखी दोघांना नोबेल मिळालं. आणि मग हळूहळू दिसायला लागलं की तोच डोस चालू ठेवला तर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, चेहरा सुजतो, जखमा भरत नाहीत, इन्फेक्शन सारखं होतं. तुझ्या चौथ्या दिवसाची जादू बहुतेक तीच जादू आहे, फक्त तिथे डोस मोजलेला होता आणि तुझ्या पुडीत किती आहे ते देणाऱ्याला पण माहीत नसेल. स्टेरॉइड म्हणजे विष असं मी म्हणत नाहीये, डॉक्टर पण सुरुवातीला थोडे दिवस कमी डोसमध्ये देतात, बाकीच्या गोळ्यांचा असर येईपर्यंत. मोजून देतात आणि कमी करत आणतात, फरक तिथे आहे.

आयुर्वेदाबद्दल माझं काही म्हणणं नाही हं, तो वाद मला घालायचाच नाही. शिकलेल्या वैद्याकडे जा, लेबल असलेलं, घटक लिहिलेले, कंपनीचं नाव आणि लायसन्स नंबर असलेलं औषध घे आणि तुझ्या डॉक्टरांना दाखवून घे. कागदात बांधलेली पावडर, देणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे विचारलं तर "गुपित आहे", असलं कुठल्याच पॅथीत औषध नसतं.

आता आठवड्याची गोळी. सोडायची नाही, हे माझं स्पष्ट मत. मी डॉक्टर नाही पण मला स्वतःला हाच आजार बरीच वर्षं आहे आणि माझ्या आत्याला पण होता. तिच्या वेळी ही औषधं गावाकडे कोणी देत नव्हतं, दुखलं की वेदनाशामक, शेक, आणि बाकी सोसायचं. तिची बोटं करंगळीच्या बाजूला वळली ती वळलीच, नंतर तिला पेला पण दोन तळव्यांमध्ये धरायला लागायचा. माझी बोटं सरळ आहेत. मी तिच्यापेक्षा जास्त सहनशील होते म्हणून नाही, माझ्या वेळी ही गोळी होती म्हणून.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि बाजूचं कूर्चा-हाड खायला लागतं. दुखणं हा त्याचा आवाज आहे फक्त. वेदनाशामकाने आवाज बंद होतो, आत चाललेलं काम थांबत नाही. मेथोट्रेक्सेट ते आतलं काम थांबवायला असते, म्हणूनच तिचा असर यायला दीड ते तीन महिने लागतात आणि म्हणूनच ती "काही करत नाही" असं वाटतं. हाडांना जे नुकसान व्हायचं ते बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं. तुझं दीड वर्ष झालंय. म्हणजे तू नेमकी त्या काळात आहेस जेव्हा गोळी सोडणं सगळ्यात महागात पडतं.

मळमळीचं मात्र तू डॉक्टरांना सांगितलंच नाहीस, बरोबर ना? पत्रात कुठे तसं दिसलं नाही. त्यावर बरेच उपाय असतात. रात्री जेवून झोपताना घेणं, डोस थोडा विभागून त्याच दिवशी दोनदा घेणं, फॉलिक ॲसिड वाढवणं, उलटीची गोळी आधी घेणं, आणि तरी जमत नसेल तर तेच औषध पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनने घेतात, बऱ्याच जणांचा पोटाचा त्रास त्याने कमी होतो. यातलं तुला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तर ना. इतके महिने तू दर आठवड्याला एक दिवस मळमळत काढलास आणि गप्प राहिलीस, आणि मग वैतागून पुडीकडे गेलीस. मला वाटतं तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ इथे आहे. तू डॉक्टरसमोर पण सोसतेस आणि घरात पण सोसतेस, आणि या आजारात सोसण्याने काही म्हणजे काहीच वाचत नाही, उलट बोटं जातात.

गोळी परत चालू करायची ती डॉक्टर सांगतील त्या डोसने. चुकलेल्या तीन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. आणि जे वाचताहेत त्या सगळ्यांना हात जोडून सांगते, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतल्याने माणसं गेली आहेत. वार ठरवून घ्या. माझा रविवार आहे, कॅलेंडरवर लाल गोल करते आणि घेतली की त्यावर फुली मारते. या गोळ्या २.५, ५, ७.५, १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मिळतात, मेडिकलवाल्याने दुसरी स्ट्रिप दिली तर आकडा बघूनच घरी आणा. रक्ताच्या तपासण्या, लिव्हर आणि पेशींच्या, सांगितलेल्या तारखेला करायच्या. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, दम लागणं, असं काही झालं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे सर्दीतापाला गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं, को-ट्रायमॉक्साझोलसारखी काही अँटिबायोटिक्स हिच्यासोबत चालत नाहीत. दारू नको. आणि मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून ही गोळी बदलून घ्यावी लागते, हे तरुण मुलींना कोणी वेळेवर सांगत नाही म्हणून इथे लिहितेय. एचसीक्यूसाठी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा तपासलेला बरा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. तुझा झाला नसेल तर करून घे, शिवणाऱ्या बाईचे डोळे आहेत ते.

आता घरचं.

मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. बरोबरच आहे त्यांचं, कागदावर ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) नॉर्मल दिसतंय. पण ते नॉर्मल आलं ते औषधामुळे, आणि रिपोर्ट नॉर्मल असले तरी थकवा राहतो, हा आजाराचाच भाग आहे, आळस नाही. हे तू सांगून त्यांना पटणार नाही कारण तू सांगतेस तेव्हा ते तक्रारीसारखं ऐकू येतं (सगळ्याच घरांत तसंच होतं). पुढच्या वेळी त्यांना ओपीडीत आत घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नकोस. आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार की मी रोज पहाटे किती काम करू शकते, कुठलं काम करू नये. तेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं की वजन वेगळं असतं, हे आपल्याला आवडो न आवडो.

सासूबाईंच्या बोलण्याचा मला राग येत नाही. गुडघे त्यांचे खरंच दुखत असणार. पण त्यांचं दुखणं झिजेचं असेल, ते चाललं, उठबस केली की वाढतं आणि बसलं की कमी होतं. तुझं उलटं आहे, रात्रभर आराम झाला की सकाळी सगळ्यात जास्त आखडतं, तासतासभर, आणि हालचाल सुरू झाली की सुटतं. म्हणून त्यांना दुपारी तू मशीनवर हसत बसलेली दिसतेस आणि वाटतं हिला काय झालंय. त्यांनी तुला पहाटे साडेपाचला बघायला पाहिजे. एकदा उठव त्यांना आणि मूठ मिटून दाखव. खरंच. पुडी पण त्यांनी काळजीनेच आणली ना, मग ती बंद करताना "तुमच्यामुळे झालं" असं वाक्य नको, डॉक्टरांनी बंद करायला सांगितली इतकंच.

आणि मदत मागताना "मला कोणी मदत करत नाही" असं म्हणू नकोस, त्यावर कोणाला काय करायचं ते कळत नाही. काम सांग आणि वेळ सांग. "भाकरीचं पीठ सकाळी तुम्ही मळून द्यायचं", "बादली भरून ठेवायची", "कुकरचं झाकण आणि बरण्यांची झाकणं रात्रीच उघडून सैल करून ठेवायची", मुलगा मोठा असेल तर "कपडे पिळायचं काम तुझं". पिळणं, थापणं, घट्ट झाकण फिरवणं, एका हाताने जड पातेलं उचलणं, बोटांना सगळ्यात वाईट ही कामं. हे सकाळच्या घाईत सांगायचं नाही, सगळ्यांचं जेवण झालं की रात्री शांतपणे सांगायचं. भाकरी पहाटेच हवी असा काही कायदा नाही. डब्याला पोळी चालते, रात्री मळून ठेवलेल्या कणकेची चालते, आठवड्यात दोन दिवस भात-आमटी पण चालते. मुलं कुरकुर करतील दोन दिवस. करू देत.

तुझी स्वतःची सकाळ पण बदल. पाचला उठून थेट चुलीपाशी जाऊ नकोस. जाग आली की अंथरुणातच बोटं, मनगट, घोटे हळूहळू फिरव, मग कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून आतल्या आत उघडमीट कर, आणि मग कामाला लाग. रोज किती वाजता मूठ पूर्ण मिटली ते वहीत लिही, माप लिहितेस त्याच वहीत मागच्या पानावर. कुठला सांधा सुजलाय तेही लिही. डॉक्टर पाच-दहा मिनिटं देतात, त्यात "बरं आहे" म्हणून उठून येण्यापेक्षा ती वही पुढे केलीस तर त्यांना डोस ठरवता येतो.

खाण्यापिण्याबद्दल तुला गावभर सल्ले मिळाले असतील, वांगं बंद, टोमॅटो बंद, दही बंद. तुला स्वतःला एखाद्या गोष्टीने दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर ती सोड, नाहीतर सगळ्यांसाठी म्हणून असं काही पथ्य नाहीये. डाळी, अंडी, दूध, भाजी पोटभर खा. मिश्री लावत असशील तर ती मात्र सोड. रोज थोडं चालणं ठेव. बस.

शिवणकाम सोडायचं का? नाही! तुला ते आवडतं हे पत्रात कळतंय, आणि हातात स्वतःचे पैसे असणं औषधपाण्याच्या खर्चात किती कामाला येतं हे मी वेगळं सांगायला नको. (औषधांसाठी जनऔषधी केंद्रात पण विचार, तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात.) फक्त पद्धत बदल. पायडलचं मशीन असेल तर मोटर बसवून घे. कापायचं काम सकाळी नको, अकरा-बारानंतर, बोटं सुटल्यावर, आणि कात्री धारदार ठेव, स्प्रिंगची मिळाली तर अजून चांगलं, आपोआप उघडते. हुक-आय, काज, हातशिलाई, टाके उसवणं ही बारीक चिमटीची कामं शेजारच्या एखाद्या मुलीला नगावर दे, तुझे थोडे पैसे कमी होतील पण त्याच वेळात तू दोन ब्लाउज जास्त टीप मारून काढशील. अर्ध्या तासाने उठायचं, हात झटकायचे. एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी त्या हाताला सुट्टी. फिजिओथेरपिस्टला एकदा हात दाखव, ते रात्री मनगटाला लावायचा स्प्लिंट (आधाराचा पट्टा) देतात आणि बोटांचे व्यायाम शिकवतात, एकदा शिकून आलीस की घरी करता येतात.

बाथरूममध्ये जाऊन रडण्याबद्दल. कधीतरी रडू येणं साहजिक आहे, इतकं सगळं चाललंय. पण झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, दोन-दोन आठवडे असंच जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, दीर्घ आजारात नैराश्य येतं आणि त्यावरही उपचार असतात. आणि स्टेरॉइडने पण मूड वरखाली होतो, ते वेगळंच. घरात कोणाशी बोलता येत नसेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्रीसुद्धा फोन लागतो.

राहिली लग्नसराईची ऑर्डर. पुडी बंद होताना बहुतेक दुखणं परत वर येईल, तयारी ठेव, ती काही तुझी हार नाही, डॉक्टर त्या काळासाठी काहीतरी देतील. पण त्या दिवसांत वीस ब्लाउज होणार नाहीत. आजच गिऱ्हाइकाला फोन करून सांग की निम्मे मी देते, निम्मे दुसरीकडे टाका, किंवा तारीख पुढे घ्या. मापं आणि कापड वेळेवर परत दिलंस तर कोणी रागवत नाही, शेवटच्या दिवशी सांगितलं तर रागावतात. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला लिही, पुडीचं काय निघालं आणि मळमळीवर त्यांनी काय दिलं ते दोन्ही, खूप जणींना तेच विचारायचं असतं.